तीन लाखांत वाडीची शाळा वाचेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवरून एका ताईंचं पत्र आलंय. त्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष आहेत आणि त्यांचा मुलगा याच शाळेत तिसरीत शिकतो. शाळा पहिली ते पाचवी. पट गेल्या वर्षी २८ होता, यंदा २३. शाळा दोन शिक्षकांची, पण दिवाळीपासून बाईंना दुसऱ्या शाळेवर कामगिरीवर पाठवलंय. गुरुजी एकटे पाच वर्ग सांभाळतात, वर मतदार यादीचं काम आहेच. वर्षाला दहा हजारांचं अनुदान येतं, तेही मार्च तोंडावर आला की. बिल थकल्याने वीज तोडलीय, त्यामुळे कुणी देणगीत दिलेला मोठा टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला आहे. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन आता वाडीच्या फाट्यापर्यंत येते. गेलेली पाच मुलं त्याच व्हॅनने जातात.

वाडीच्या मुंबई मंडळाने शाळेसाठी तीन लाख रुपये जमवलेत. त्यातून रंगरंगोटी, कमान आणि ‘डिजिटल वर्ग’ करायचा बेत आहे. पट वीसच्या खाली गेला तर शाळा बंद होईल, या धास्तीने काही जण मुंबईतल्या भाचे-पुतण्यांची नावं पटावर लावायला सुचवतात. ताई लिहितात : “पैसा आला की शाळा सुधारेल, शाळा सुधारली की पट वाढेल, असं सगळे म्हणतात. मला मात्र माझ्या मुलाचं काय करू तेच कळत नाही. त्याला व्हॅनमध्ये बसवलं तर अध्यक्षाचाच मुलगा गेला म्हणून शाळा बसेल. नाही बसवलं तर त्याचं नुकसान होईल.”

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात विजेचं बिल आहे, टीव्ही आहे, कमान आहे, व्हॅन आहे, पटाचा आकडा आहे. तुमच्या मुलाला वाचता किती येतं, हे मात्र कुठेच नाही. तुमच्यावर ठपका ठेवत नाहीये. शाळेबद्दल बोलताना आपण सगळेच पट, इमारत आणि पैसा यांवर बोलतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. पण तुम्हाला जे तीन निर्णय घ्यायचेत (मुलाचा, तीन लाखांचा आणि शाळेच्या भवितव्याचा) ते तिन्ही या एका माहितीवर अडलेले आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दुसरीचं बालभारतीचं पुस्तक घ्या. मुलाने पाठ न केलेला, सात-आठ ओळींचा साधा उतारा निवडा. त्याला शेजारी बसवा, रागावू नका, मध्येच शब्द सांगू नका. तो अक्षर अक्षर लावत वाचतो, शब्द उचलून वाचतो की सलग वाक्य वाचतो, ते पाहा. जोडाक्षर आलं की थांबतो का? वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि विचारा, काय झालं रे गोष्टीत? बरीच मुलं घडाघडा वाचतात आणि या प्रश्नाला गप्प होतात. देशाच्या निपुण भारत मोहिमेने तिसरीच्या अखेरीला मिनिटाला ६० शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट ठेवलंय. घड्याळ लावायची गरज नाही, अंदाज तुम्हाला येईलच.

मग पाटीवर ५२ वजा २७ घाला. उत्तर २५ आलं तर ठीक. ३५ आलं, तर तुमचा मुलगा हुशार नाही असं समजू नका. त्याने मोठ्या आकड्यातून छोटा वजा केलाय : सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे त्याला वजाबाकीची रीत येते, पण दशक मोडून एकक करायचे असतात हे कुणी त्याच्या हाताला लावून दाखवलेलं नाही. काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलं तर ही चूक थोड्या दिवसांत सुटते. फळ्यावर पन्नास गणितं घालून मात्र सुटत नाही.

हीच पाहणी शाळेतल्या बाकीच्या मुलांचीही व्हायला हवी, पण ती गुरुजींच्या साथीने. एकटा माणूस पाच वर्ग ओढतोय, त्याला समितीने आपल्यावर तपासणी आणली असं वाटलं तर पुढचं सगळं बिनसेल. त्यांच्याकडे पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे गुण असतातच. ते मागून घ्या आणि सोबत बसून २३ मुलांची चार गटांत विभागणी करा : अक्षरापर्यंत पोचलेली, शब्द वाचणारी, छोटा परिच्छेद वाचणारी, गोष्ट वाचणारी. इयत्ता विसरून जा. पाचवीतलं एखादं मूल शब्दांवर अडलेलं निघेल आणि दुसरीतली एखादी पोर गोष्ट वाचत असेल. धक्का बसेल, पण तो एकट्या तुमच्या वाडीचा नाही. ‘असर’ या शिक्षण अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. २०२२ मध्ये, कोरोनाच्या बंदनंतर, हाच आकडा १६.३ होता. खासगी शाळांत प्रमाण जास्त आहे, पण तिथेही निम्म्याहून अधिक मुलं त्या उताऱ्याला अडतात. आणि खासगी शाळेतल्या मुलांच्या घरी बऱ्याचदा आई-वडील जास्त शिकलेले असतात, शिकवणी लावलेली असते. म्हणजे तो फरक सगळाच शाळेचा नव्हे.

म्हणून व्हॅनचा विचार करताना माझी एकच विनंती आहे. वाडीतून तिकडे गेलेल्या पाच मुलांपैकी तुमच्या मुलाच्या वयाचं जे असेल, त्याला त्याच्या आईच्या देखत तोच मराठी उतारा द्या, आणि त्याच्या इंग्रजी पुस्तकातलं एक पान वाचायला सांगून त्याचा अर्थ मराठीत विचारा. त्या शाळेत दोन वर्षांत किती शिक्षक बदलले, हेही विचारा. टाय, बूट आणि स्नेहसंमेलनाचे फोटो यांवरून शिकवणं कळत नाही, तसंच आपल्या शाळेच्या उडालेल्या रंगावरूनही कळत नाही.

आता पैशाचं. शाळेकडे पैसाच नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं, ते अर्धं खरं आहे. समग्र शिक्षा योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत १०,०००, पुढे १०० मुलांपर्यंत २५,०००. त्या दहा हजारांतले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरले ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. त्यात वीज, खडू, कागद, इंटरनेट, मोडकी खिडकी, सगळं. छोट्या शाळेची छपराची कौलंही मोठ्या शाळेएवढीच फुटतात, पण अनुदान डोकी मोजून मिळतं. हा हिशेब छोट्या शाळांवर अन्याय करणारा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सरकार तुमच्या शाळेवर खर्च करतं तो फक्त हे दहा हजार नव्हेत. दोन नियमित शिक्षकांचा वर्षाचा पगार धरला तर तो दहा लाखांच्या पुढे जातो. शाळेचं खरं अनुदान ते आहे. बाईंना कामगिरीवर पाठवलं त्या दिवशी तुमच्या शाळेचं मुंबईकरांनी जमवलेल्या रकमेहून कितीतरी मोठं नुकसान झालं, आणि त्याची पावती कुणी फाडली नाही म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन लाखांच्या टीव्हीपेक्षा बाई परत येणं मोलाचं आहे. समितीची पहिली लढाई तीच.

ती अशी लढा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेले आहेत. महिन्याच्या सभेत ठराव घ्या, तो इतिवृत्तात नीट लिहून घ्या. अर्जात तक्रारीचा सूर नको. पट किती, मंजूर पदं किती, बाई कुठल्या तारखेपासून नाहीत, आदेश लेखी आहे की तोंडी, आणि एक शिक्षक पाच वर्गांना रोज किती वेळ देऊ शकतो, एवढंच लिहा. अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, प्रत केंद्रप्रमुखांना आणि जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. पोच घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा जा, शक्यतो चार-पाच आया मिळून. कामगिरीचे आदेश बरेचदा ‘तात्पुरते’ म्हणून निघतात आणि कुणी विचारत नाही म्हणून वर्षभर चालतात. गुरुजींनी स्वतः हा विषय लावून धरणं अवघड असतं, त्यांच्या नोकरीचा प्रश्न असतो. पालकांना ती अडचण नाही. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायद्याने ठरवलं, ते खिचडी चाखून सही करण्यापुरतं नाही.

याच बैठकीत आणखी एक कागद पाहून घ्या : शाळेची यू-डायस माहिती. दरवर्षी भरली जाते. त्यात वीज आहे का, चालू आहे का, पाणी, शौचालय, वर्गखोल्यांची अवस्था, सगळं असतं. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा आणि अंदाजपत्रक या माहितीवर उभं राहतं. घाईत कुणी मागच्या वर्षीचीच माहिती पुढे ओढली आणि तिथे ‘वीज चालू’ असं राहिलं, तर सरकारच्या लेखी तुमच्या शाळेत दिवा पेटतोय. मग पैसे कुठून येणार? गुरुजी दिवसभर एकटे, रात्री मोबाइलवर माहिती भरतात, चूक होऊ शकते. शेजारी बसा, वाचून दाखवायला सांगा.

विजेची थकबाकी मुंबईकरांच्या पैशातून भरू नका. आज भरलीत तर दर वर्षी तुम्हीच भराल. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी येतो. त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो, म्हणजे शाळेचं शौचालय आणि नळ त्यात बसतात. बाकीच्या मोकळ्या हिश्श्यातून गावाच्या गरजेची इतर कामं घेता येतात. त्यासाठी ती गाव विकास आराखड्यात आधी यायला हवीत. आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो, आणि त्या सभेला वाडीवरून किती बायका जातात, हे तुम्हीच आठवून पाहा. वीजबिल, गळकं छप्पर आणि शौचालय या तीन गोष्टी लेखी देऊन आराखड्यात घालून घ्या. मोठी दुरुस्ती किंवा नवी खोली हवी असेल तर ती जिल्हा वार्षिक योजनेतून मागावी लागते. तिथे तुमच्या जिल्हा परिषद सदस्याला पाठपुरावा करायला लावा. कायद्याने समितीने तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करायचा असतो. तो तयार असेल तर प्रत्येक ठिकाणी नव्याने रडगाणं गावं लागत नाही, कागद पुढे सरकवता येतो.

मग तीन लाखांचं काय करायचं? रंग आणि कमान नको, असं मी ठामपणे सांगते. मंडळातल्या लोकांच्या भावनेचा मला आदर आहे. गणपतीला गावी आल्यावर आपली शाळा देखणी दिसावी, दगडावर आपल्या आजोबांचं नाव असावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण कोकणच्या दोन पावसांत रंग उतरतो. डिजिटल वर्गाचं तर तुमच्या भिंतीवर उदाहरण टांगलेलंच आहे. वीज नाही, आणि ती आली तरी एकटे गुरुजी चार वर्गांना टीव्हीसमोर बसवून पाचव्याला शिकवतील, म्हणजे टीव्ही राखणीला बसवल्यासारखं होईल.

मी सांगते तो खर्च ऐकायला साधा आहे. वाडीत किंवा शेजारच्या वाडीत बारावी झालेली, डी.एड. झालेली एखादी मुलगी किंवा सून नक्की असेल. तिला महिना ६,००० मानधन द्या, वर्षातले दहा महिने. झाले ६०,०००. गोष्टीची पुस्तकं, पाट्या, मणी-काड्या, अंककार्डं यांना १२,०००. वर्षाला ७२,०००, म्हणजे तुमचे तीन लाख चार वर्षं पुरतात. आज पहिलीत असलेलं मूल पाचवीच्या उंबरठ्यावर जाईपर्यंत त्याच्या शेजारी बसून वाचून घेणारं माणूस मिळतं.

तिने काय करायचं, ते नेमकं ठरवा. रोज एक तास, मघाशी सांगितलेल्या चार गटांत. शिक्षणाच्या क्षेत्रात ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत देशभर नेली आणि तिच्यावर बराच अभ्यास झालाय : मुलाला इयत्तेप्रमाणे नव्हे, ते जिथे आहे तिथून उचलायचं. एक गट गुरुजींकडे, एक तिच्याकडे, गोष्ट वाचणारी मुलं आपापसात वाचतात, आणि अक्षरवाल्यांना मोठ्या मुली कार्डं दाखवतात. थोड्या दिवसांनी गट बदलायचे. पाचवीतल्या ज्या मुलाला दुसरीच्या पोरांबरोबर बसायची लाज वाटेल, त्याला त्या गटाची पुस्तकं वाटायचं, हजेरी घ्यायचं काम द्या. काहीतरी काम हातात असलं की लाज निम्मी होते, आणि पोरांची हजेरी घेता घेता तो त्यांची नावंही वाचायला लागतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. तिला ‘शिक्षिका’ म्हणू नका आणि बाईंच्या जागी उभं करू नका, नाहीतर वरून उत्तर येईल की तुमच्याकडे माणूस आहे, बाई कशाला? ती समितीची वाचन मदतनीस, तिचा तास शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर ठेवा, आणि ठरावात तसं लिहा. दुसरं, मानधन समितीच्या हिशेबातून, पावती घेऊन द्या आणि दर महिन्याचा हिशेब शाळेच्या फळ्यावर लावा. वाडीत पैशावरून एकदा संशय धरला की चांगलं कामही बंद पडतं.

मंडळातलं कुणीतरी तुम्हाला जालिंदरनगरचं उदाहरण देईल. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली ही जिल्हा परिषद शाळा. पट हातावर मोजण्याइतका उरला होता, तिथून ती पुन्हा उभी राहिली आणि २०२५ मध्ये जागतिक पातळीवरच्या शाळा पुरस्कारांत लोकांच्या पसंतीचा मान तिने मिळवला. उदाहरण उत्तम आहे, पण त्यातलं काय उचलायचं ते नीट पाहा. तिथे मुलं एकमेकांना विषय शिकवतात, आणि गाव शाळेच्या पाठीशी उभं राहिलं. या दोन गोष्टी तुमच्या वाडीत उद्यापासून होऊ शकतात. बाकीची भव्यता पुण्याजवळच्या गावाला परवडते तशी सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीला परवडेलच असं नाही.

भाचे-पुतण्यांची नावं पटावर लावायचा सल्ला जो कुणी देतो, त्याला तिथेच थांबवा. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली, तेव्हा खोट्या पटाच्या शाळा उघड्या पडल्या आणि गोरगरिबांच्या शाळांची जी बदनामी झाली ती कित्येक वर्षं पुसली गेली नाही. शिवाय आता संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणं, आधार जुळलेल्या मुलांवर होते, खोटं टिकतच नाही. तुम्ही उलट खरी मुलं गळत नाहीत ना ते बघा. आधारवर ‘वैष्णवी’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘वैष्णवि’ एवढ्यावरून मूल अवैध दाखवतं. तुमच्या २३ मधली चार मुलं जरी अशी अडकलेली निघाली तरी तुम्ही कागदावर वीसच्या खाली आहात. ३० सप्टेंबरचा पट धरतात. त्याच्या आधी प्रत्येक मुलाचं आधार जुळवून घ्या.

शाळा बंद होण्याची तुमची भीती निराधार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली. अशा शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या. पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर ‘समूह शाळा’, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा, करता येतील का, हे पाहायचं होतं. पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुलं असली तर तिथे शिक्षकाचं पदच न धरण्याचं ठरलं, आणि त्याविरुद्ध राज्यभर शिक्षक रस्त्यावर उतरले. समूह शाळेच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. प्रत्येक वर्गाला शिक्षक, खेळायला पुरेशी मुलं, प्रयोगाचं सामान. दोन मुलांच्या वर्गात एक मूल आजारी पडलं की दुसरं दिवसभर एकटं असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. मोठ्या मुलांसाठी एकत्र येणं मला पटतं. पण सहा-सात वर्षांच्या लेकरांना आषाढ-श्रावणात ओढे ओलांडून, घाटीतून रोज दूर पाठवायला माझा विरोध आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे, त्यामागे हाच विचार आहे. प्रस्ताव आलाच तर आधी लेखी विचारा : अंतर किती, गाडी कोण देणार, पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर काय, वाहतूक भत्ता कधी मिळणार. ही उत्तरं हातात आल्याशिवाय समितीने संमतीचा ठराव देऊ नये.

राहिला तुमचा मुलगा. ताई, त्याच्या पाठीवर शाळा वाचवायचं ओझं देऊ नका. तुम्ही अध्यक्ष आहात म्हणून त्याने इथे थांबलं पाहिजे, असं काही नाही. त्याचं तिसरीचं वर्ष एकदाच येतं. तो शाळेतून गेला तर पालक म्हणून तुमचं समितीतलं सदस्यत्व जाईल, आणि अध्यक्षपदही. ते जाऊ द्यावं लागलं तर द्या. पण आज, पट आणि रंग पाहून त्याला हलवू नका. उतारा आणि ५२ वजा २७ आज करा, वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. बाईंचा अर्ज द्या, वाचनाचा तास सुरू करा, आणि तीन महिन्यांनी त्याच प्रकारचा उतारा पुन्हा द्या. तो शब्दावरून परिच्छेदावर, परिच्छेदावरून गोष्टीवर सरकला असेल तर त्याला इथेच ठेवा. सकाळी व्हॅनमध्ये पेंगत बसण्यापेक्षा तो तासभर जास्त झोपेल, संध्याकाळी अंगणात खेळेल, आणि घरच्या भाषेत पक्का होऊन पुढे इंग्रजी शिकेल. सेमी इंग्रजीचा पर्याय पुढच्या वर्गांसाठी गुरुजींशी बोलून ठेवा. तीन महिन्यांत तो जागचा हलला नसेल, बाई आल्या नसतील आणि व्हॅनच्या शाळेतली मुलं तुमच्या उताऱ्यात खरंच पुढे निघाली असतील, तर त्याला तिकडे घाला आणि कुणासमोर मान खाली घालू नका. गुरुजींना मात्र आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा.

मंडळाची सभा व्हायची असेल तर त्यांना पैसे लगेच खर्च न करता बँकेत ठेवायला सांगा. सभेत मुलांची नावं न घेता चार आकडे मांडा : २३ पैकी अक्षरावर किती, शब्दावर किती, परिच्छेदावर किती, गोष्टीवर किती. बाईंच्या अर्जाची पोच दाखवा. मग म्हणा, पहिल्या वर्षासाठी आम्हाला ७२ हजार द्या, पुढच्या वर्षी हेच चार आकडे पुन्हा आणू, तेव्हा दुसरा हप्ता. कमानीवर नाव हवं असेल त्या काकांना सांगा की पुस्तकांच्या कपाटावर त्यांच्या वडिलांचं नाव घालू.